आशय व्यवस्थापन प्रणालीतील तत्काळ संदेशवहन

आशय व्यवस्थापन प्रणालीतील तत्काळ संदेशवहन म्हणजे ड्रुपल, वर्डप्रेस यांसारख्या आशय व्यवस्थापन प्रणालीवर (सीएमएस) चालणाऱ्या संकेतस्थळाला दिलेली अशी जोड, की जिच्यामुळे सदस्यांना पान पुन्हा न उघडता एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण करता येते. अशा संदेशवहनासाठी सर्व्हर आणि न्याहाळक यांच्यात खुली जोडणी लागते. सीएमएसची मूळ रचना मात्र प्रत्येक विनंती स्वतंत्रपणे हाताळणारी असते. त्यामुळे मोठ्या संकेतस्थळांवर संदेश पोहोचवण्याचे काम सहसा वेगळ्या संदेश सर्व्हरकडे सोपवले जाते, तर सदस्यांची ओळख व अधिकार सीएमएसकडेच राहतात. या दोन्ही बाजूंची माहिती सतत जुळती ठेवणे ही या रचनेतील मुख्य अडचण आहे.

पार्श्वभूमी

ड्रुपल (२००१) आणि वर्डप्रेस (२००३) या दोन्ही प्रणाली पीएचपी भाषेत लिहिलेल्या आहेत. वाचकाने पान मागितले की पीएचपीची एक प्रक्रिया विदागारातून मजकूर घेते, पान तयार करून पाठवते आणि त्या विनंतीपुरती साठवलेली माहिती सोडून देते. लेख वाचण्यासाठी ही पद्धत पुरेशी असते. मात्र नवा संदेश आल्यावर सर्व्हरने आपणहून न्याहाळकाला कळवण्याची सोय या विनंती-प्रतिसाद पद्धतीत नाही.

पद्धती

सर्वांत सोपा उपाय म्हणजे न्याहाळकाने ठरावीक काळाने सर्व्हरकडे विचारणा करणे. वर्डप्रेसच्या ३.६ या आवृत्तीत (२०१३) आलेली ‘हार्टबीट’ ही सुविधा याच प्रकारची आहे. एकच लेख दोन संपादक एकाच वेळी संपादित करत असल्यास त्याची सूचना देण्यासाठी तिचा उपयोग होतो. गप्पांसाठी मात्र ही पद्धत खर्चिक ठरते. ५०० सदस्यांच्या न्याहाळकांनी दर ५ सेकंदांनी विचारणा केल्यास सर्व्हरवर दर सेकंदाला १०० विनंत्या येतात आणि त्यांतील बहुतेकांचे उत्तर ‘नवीन काही नाही’ असेच असते.

दीर्घ विचारणेत सर्व्हर संदेश येईपर्यंत उत्तर रोखून धरतो. यामुळे विनंत्या कमी होतात. परंतु नेहमीच्या मांडणीत तेवढा वेळ पीएचपीची एक प्रक्रिया अडकून पडते. अशा प्रक्रियांची संख्या मर्यादित असल्याने केवळ लेख वाचायला आलेल्यांनाही ताटकळावे लागते.

वेबसॉकेट हा नियमसंच डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ म्हणून प्रसिद्ध झाला. यात जोडणीची सुरुवात साध्या एचटीटीपी विनंतीने होते. सर्व्हरने १०१ हा संकेतांक पाठवल्यावर तीच जोडणी खुली राहते आणि दोन्ही बाजूंना केव्हाही संदेश पाठवता येतात.

एक्सएमपीपी

संदेशांचे स्वरूप ठरवणारा एक खुला नियमसंच म्हणजे एक्सएमपीपी होय. जेरेमी मिलर यांनी जानेवारी १९९९ मध्ये जाहीर केलेल्या ‘जॅबर’ प्रकल्पातून तो विकसित झाला. त्याचे मूळ नियम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये सुधारले गेले. तो वेबसॉकेटवरून कसा वापरावा हे २०१४ च्या आरएफसी ७३९५ मध्ये सांगितले आहे. त्यातील पत्ता ईमेलच्या पत्त्यासारखा असतो आणि देवाणघेवाण तीन प्रकारांत होते: संदेश, उपस्थिती आणि माहितीची विचारणा. अर्लांग भाषेतील ईजॅबरडी आणि लुआ भाषेतील प्रोसोडी हे त्याचे परिचित सर्व्हर आहेत.

ओळख आणि अधिकार

सदस्याला दोन ठिकाणी वेगळा परवलीचा शब्द द्यावा लागू नये, यासाठी संदेश सर्व्हर सीएमएसच्या ओळखीवर विसंबतो. सदस्याने प्रवेश केल्यावर सीएमएस त्याला अल्पकाळ वैध असे, डिजिटल स्वाक्षरी असलेले टोकन देते. संदेश सर्व्हर ती स्वाक्षरी तपासून जोडणी स्वीकारतो.

ही तपासणी सहसा जोडणीच्या आरंभीच होते. त्रास देणाऱ्या सदस्याला प्रचालकाने प्रतिबंधित केल्यास सीएमएस त्याला पुढचे पान नाकारते. पण आधीची जोडणी खुली असेल, तर तो संदेश पाठवतच राहू शकतो. म्हणून प्रतिबंध, अधिकारांतील बदल किंवा खाते रद्द होणे या प्रत्येक प्रसंगी सीएमएसने संदेश सर्व्हरला ती जोडणी तोडण्याची आज्ञा देणे आवश्यक असते.

सुरक्षितता

वेबसॉकेटला न्याहाळकातील समान-उगम धोरण लागू होत नाही. त्यामुळे विनंती कोणत्या संकेतस्थळावरून आली हे सर्व्हरने स्वतः तपासावे लागते. अन्यथा परक्या संकेतस्थळावरील पान सदस्याच्या कुकीच्या आधारे त्याच्या नावाने जोडणी करू शकते. संदेशातील मजकूर आज्ञावली म्हणून चालू नये यासाठी तो निर्धोक करूनच दाखवला जातो, आणि जोडणी कूटबद्ध ठेवली जाते.

साठवण

अनुपस्थित सदस्याला संदेश नंतर मिळावा यासाठी तो साठवावा लागतो. मायएसक्यूएलमधील जुना ‘यूटीएफ८’ हा संच एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरी अक्षरचिन्हे त्यात मावतात, परंतु बहुतेक इमोजींना ४ बाइट लागतात. त्यामुळे इमोजी असलेला संदेश नाकारला किंवा अर्धवट साठवला जाऊ शकतो. ‘यूटीएफ८एमबी४’ या संचात ही अडचण येत नाही. वर्डप्रेसने २०१५ मध्ये ४.२ या आवृत्तीपासून तो स्वीकारला.

साठवलेले संदेश ही खासगी माहिती असते. खाते पुसल्यावर सीएमएसमधील नोंद गेली, तरी संदेश सर्व्हरवरील प्रती आपोआप जात नाहीत. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये, हेतू संपल्यावर आणि अन्य कायद्याने जतन बंधनकारक नसल्यास, विदा पुसण्याची तरतूद आहे. त्यामुळे दोन्ही ठिकाणची विदा पुसण्याची व्यवस्था एकत्रितपणे आखावी लागते.

मर्यादा

अनेक संकेतस्थळे ज्यावर एकत्र ठेवली जातात, अशा सामायिक सर्व्हरवर सतत चालणारी प्रक्रिया ठेवण्याची परवानगी बहुधा नसते. अशा वेळी बाह्य सेवा घेतल्यास सदस्यांचे संदेश तिसऱ्या पक्षाच्या सर्व्हरवरून जातात. सदस्यसंख्या कमी असलेल्या संकेतस्थळांना ठरावीक काळाने होणारी विचारणा किंवा ईमेलद्वारे मिळणारी सूचनाही पुरेशी ठरू शकते.