मीटरपासून मोटारीपर्यंत (विजेवरची मोटार : लेखांक ६)

मागील लेखांकात बॅटरीची धारणशक्ती आणि गाडीचा पल्ला यांचा हिशेब आपण पाहिला. आता ती बॅटरी रोज रात्री भरावयाची कोठे आणि कशी, या प्रश्नाकडे वळले पाहिजे. गाडी पसंत करताना रंग, पल्ला, किंमत आणि कर्जाचे हप्ते यांचा खल घरात महिना-महिना चालतो. चार्जर बसविण्याचे काम मात्र ‘कंपनीचा माणूस येऊन करून देईल’ एवढ्या एका वाक्यावर सोपविले जाते, आणि मग गाडी दारात येऊन उभी राहिली तरी सोसायटीचा ना-हरकत दाखला, मंजूर भाराची वाढ आणि केबलचा मार्ग या तिहींपैकी एकाचीही तजवीज झालेली नाही, असा प्रकार पुण्या-ठाण्याच्या वसाहतींत वारंवार घडतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की गाडीचे पैसे भरण्यापूर्वी आपल्या इमारतीच्या मीटररूममध्ये एकदा जाऊन यावे, तेथून आपल्या पार्किंगपर्यंत वीज कोणत्या वाटेने येणार हे प्रत्यक्ष पाहावे, आणि त्यानंतरच शोरूमची पायरी चढावी.

प्रथम त्या भिंतीवरच्या पेटीचे कार्य नीट समजून घेऊ. घरात येणारी वीज प्रत्यावर्ती असते आणि बॅटरी स्वीकारते ती एकदिश. या दोहोंमधले रूपांतर करणारे यंत्र गाडीच्या पोटातच बसविलेले असते. भिंतीवरील पेटीकडे राहते ते पहारेकऱ्याचे काम: गाडी ओळखीची आहे काय, अर्थिंग शाबूत आहे काय, किती प्रवाह सोडण्याची मुभा आहे, हे पाहून ती दार उघडते किंवा बंद ठेवते. आपल्याकडील मोटारींना जो टाईप-टू नावाचा सात पिनांचा जोड येतो, त्यातील दोन बारीक पिना केवळ या संवादासाठी राखलेल्या असतात. त्यांपैकी एकीवरून पेटी बारा व्होल्टांचा एक सूक्ष्म संकेत सेकंदाला एक हजार वेळा वर-खाली करीत पाठविते, आणि प्रत्येक आवर्तनातील वरचा काळ किती, यावरून गाडीला परवानगीचे माप कळते. तो काळ निम्मा असेल तर ३० अँपिअर, दहावा हिस्सा असेल तर अवघे ६. गाडी जोडली गेली की तोच संकेत बारावरून नऊ व्होल्टांवर उतरतो, आणि ‘आता वीज द्यावी’ असे गाडीच्या मनात आले म्हणजे सहावर. तेव्हा कोठे पेटीतील संपर्क खट् असा आवाज करून मिटतो. तोपर्यंत हातातील जोडाच्या जाड पिनांवर विजेचा लवलेशही नसतो. भर पावसात उघड्या अंगणात गाडी लावणाऱ्याला निर्धास्तपणा मिळतो तो या संवादामुळे, आणि हाच संवाद भिंतीतल्या साध्या तीन पिनांच्या सॉकेटला करता येत नाही.

आता सामर्थ्याचा विचार. घरगुती चार्जर बहुधा ३.३ किंवा ७.२ किलोवॅटचे असतात. २०२० च्या जानेवारीत बाजारात आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती, ती ३.३ किलोवॅटने पूर्ण रिकामी असताना भरावयाची म्हटली तर रूपांतरातील घट धरून सुमारे दहा तास लागणार, हे उघड आहे. एवढे ऐकून बहुतेक ग्राहक मोठ्या चार्जरचा हट्ट धरतात. परंतु बॅटरी रोज रिकामी होत नाही. घर ते कचेरी आणि परत असा तीस किलोमीटरांचा प्रवास करणारी मध्यम आकाराची गाडी पाचएक युनिटे खाते, आणि तेवढी ३.३ किलोवॅटने दीड-पावणेदोन तासांत भरून निघतात. उरलेली रात्र गाडी नुसती उभी असते. ज्याला टॅक्सी चालवावयाची आहे, ज्याच्या घरी दोन गाड्या आहेत, किंवा ज्याची बॅटरी फार मोठी आहे, त्याने खुशाल ७.२ ची मागणी करावी. इतरांनी मात्र लहान चार्जर घेण्यात कमीपणा मानू नये. कारण सामर्थ्य दुप्पट झाले की मंजूर भार, केबल, एमसीबी आणि सोसायटीची काळजी ही सारी त्याबरोबर वाढतात.

केबलचे उदाहरण घेऊनच हे पाहू. मीटररूम इमारतीच्या एका टोकास आणि पार्किंग दुसऱ्या टोकास, मध्ये चाळीस मीटरांचे अंतर, अशी स्थिती नित्याची आहे. वीज जाऊन परत यावयाची म्हणजे तारेची लांबी ऐंशी मीटर. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ४.६ ओहम, म्हणजे आपल्या ऐंशी मीटरांत ०.३७ ओहम होतो, तिच्यातून ७.२ किलोवॅटच्या चार्जरचे बत्तीस अँपिअर वाहू लागले की वाटेतच बारा व्होल्ट गळतात आणि पावणेचारशे वॅटांहून अधिक उष्णता भिंतीलगतच्या त्या नळीत तासन्तास कोंडून राहते. तीच तार दहा चौरस मिलिमीटरची घेतली तर घट पाच व्होल्टांच्या आत येते आणि उष्णता दीडशे वॅटांवर. उलट तार चारचीच ठेवून प्रवाह सोळा अँपिअरांवर आणला, तर उष्णता एकदम चौथाईवर उतरते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गीझर दोन किलोवॅटचा असतो खरा, पण तो पंधरा मिनिटांत बंद होतो. मोटार तास-तास सलग ओढत राहते. म्हणून गीझरला चालली ती तार आणि तो टॉप मोटारीलाही चालेल, हे अनुमान धोक्याचे आहे. काळवंडलेली सॉकेटे आणि वितळलेले टॉप या अनुमानातूनच निपजतात, आणि ज्या ठेकेदाराने अंतर न मोजता तारेची जाडी सांगितली, त्याला काम देऊ नये.

अर्थिंगविषयी जरा विस्ताराने लिहिणे मला कर्तव्य वाटते. जुन्या इमारतींत अर्थची तार पुष्कळदा पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली असे. तो नळ जमिनीत जात असल्याने कसेबसे काम भागे. पुढे गंजलेले नळ काढून प्लॅस्टिकचे बसविले गेले, आणि इमारतीचे अर्थिंग कोणाच्या ध्यानीमनी नसता नाहीसे झाले. दिवे लागतात, पंखे फिरतात, म्हणून कोणाची तक्रार नाही. चार्जर मात्र पहिल्याच दिवशी लाल दिवा दाखवून नकार देतो. अशा वेळी काही वायरमन पेटीच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांचा छोटा दुवा जोडून ‘झाले काम’ म्हणून निघून जातात. हे सर्वथा निषिद्ध आहे. त्या दुव्याने चार्जर फसतो. परंतु एखाद्या दिवशी मागे कोठे न्यूट्रलची तार सुटली, तर त्याच दुव्यावाटे गाडीचा संपूर्ण पत्रा विजेने भारला जातो, आणि त्या पत्र्याला हात लावणारा आपला मुलगाही असू शकतो. स्वतंत्र खड्डा खणून, इलेक्ट्रोड पुरून, चार्जरपर्यंत अर्थची सलग पट्टी किंवा तार आणणे, यास पर्याय नाही. खर्च काही हजारांचा असेल. तो मुकाट्याने करावा.

याच जोडीला गळतीच्या प्रवाहावर नजर ठेवणारा आरसीसीबी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत २०१९ साली विद्युत वाहनांसाठी घातलेल्या तरतुदींनुसार तो ३० मिलिअँपिअरहून अधिक गळतीची वाट पाहणारा नसावा आणि किमान ए प्रकारचा असावा. दुकानात सहज हाती ठेवला जातो तो बहुधा एसी प्रकारचा. मोटारीतील रूपांतरामुळे गळतीत एकदिश अंश मिसळला की त्याची दृष्टी मंदावते. याच तरतुदींत सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर असावे, उभ्या गाडीवरील जोडाची जागा चार्जरपासून पाच मीटरांच्या आत असावी, आणि मध्ये एक्स्टेंशनची दोरी कदापि लावू नये, असेही सांगितले आहे. खालच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात पाणी साचत असेल तर उंचीचा आकडा आणखी वाढवावा, हे सांगणे नलगे.

आता सोसायटीकडे. येथे दोन्ही बाजूंनी अकारण कटुता येते, आणि तिचे मूळ हक्काविषयीच्या संभ्रमात आहे. सदनिका आपली, परंतु पार्किंगची जमीन, भिंत आणि मीटररूम संस्थेची. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईतील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली, स्टिल्टखालील जागा बिल्डरने स्वतंत्र विकण्याजोगी नसून ती सामाईक क्षेत्राचा भाग आहे, असा निर्णय दिला. तेव्हा ‘माझ्या पार्किंगमध्ये मी काहीही बसवीन’ हा सभासदाचा पवित्रा टिकणारा नाही. दुसरीकडे, घरच्या विद्यमान जोडणीवरून आपले वाहन भरण्याची मुभा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट दिली आहे. म्हणून ‘आमच्या इमारतीत चार्जर नकोच’ हे कमिटीचे उत्तरही न्याय्य म्हणता येत नाही. माझा अनुभव असा, की तोंडी विचारणेला नकार येतो आणि तपशीलवार अर्जाला बहुधा होकार. अर्जासोबत केबलच्या मार्गाचा हाताने काढलेला का होईना नकाशा, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचे भाराचे गणित, दुरुस्तीची जबाबदारी स्वतःकडे घेणारी हमी, आणि मागाहून केबल हलवावी लागल्यास तो खर्च सोसण्याची कबुली जोडावी. कमिटीतील वयोवृद्ध सभासदांच्या मनात आगीची भीती असते; ती रास्त आहे, तिचे निरसन कागदावर करावे, वादावादीत करू नये.

दाखला हाती आला की वितरण कंपनीचे दप्तर. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानी, राज्यात अन्यत्र महावितरण. घरच्याच मीटरवरून वीज घ्यावयाची तर विजेच्या बिलावर छापलेला मंजूर भार आधी वाचावा. जुन्या लहान सदनिकांचा तो इतका अल्प असतो, की एकटा चार्जरच त्याला ओलांडून जातो, आणि मग भारवाढीचा अर्ज करून कोटेशनप्रमाणे रक्कम भरावी लागते. दुसरी वाट स्वतंत्र मीटरची. ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीने वाहनासाठी वेगळी जोडणी मागण्याचा अधिकार ग्राहकाला दिला, आणि जाळ्याचा विस्तार करावा लागत नसेल तर नव्या जोडणीची मुदत महानगरांत तीन दिवस, अन्य नागरी क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस अशी आखून दिली. कोणती वाट स्वस्त, हे घराच्या वापरावर ठरते. आपल्या राज्यात घरगुती दर शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. ज्या घरात मुळातच अडीचशे युनिटे लागतात, तेथे गाडीची दीडशे युनिटे मिळविली की त्यांतील बरीचशी वरच्या, महाग टप्प्यात जाऊन पडतात. अशा कुटुंबाने वाहनासाठी असलेल्या स्वतंत्र दरवर्गाचा, त्यातील स्थिर आकारासकट, हिशेब मांडून पाहावा. ज्यांचे घर शंभरात भागते, त्यांना वेगळ्या मीटरची तसदी घेण्याचे कारण क्वचितच पडेल. स्वतःच्या बंगल्यात राहणाऱ्यांचा प्रश्न एवढ्यावरच संपतो.

सोसायट्यांचा मात्र संपत नाही. पहिला सभासद आपली केबल भिंतीवरून नेतो, दुसरा तिच्या शेजारून, आणि दहावा अर्ज येईपर्यंत मीटररूममध्ये जागा उरत नाही, इमारतीची मुख्य सर्व्हिस केबल अपुरी ठरते, आणि कमिटी पुढील सर्वांना नकार देते. म्हणजे आधी आलेल्याच्या सोयीची किंमत मागून येणाऱ्याने मोजावयाची. दहा गाड्या ७.२ किलोवॅटने एकाच वेळी भरू लागल्या तर बहात्तर किलोवॅट लागतील, ३.३ ने तेहेतीस. आणि पेट्यांनी आपसांत प्रवाह वाटून घेण्याची व्यवस्था केली तर याहूनही थोडक्यात रात्र निभावते. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ साली आदर्श इमारत उपविधींत वीस टक्के वाहनक्षमतेसाठी चार्जिंगची तरतूद सुचविली ती नव्या बांधकामांना उपयोगी. जुन्या इमारतींनी ती तरतूद स्वतःच्या सर्वसाधारण सभेत करावयास हवी. एक सामाईक जाड केबल, पार्किंगमध्ये एक वितरण पेटी, वरून केबल नेण्यासाठी एक ट्रे आणि एक उत्तम अर्थिंग, एवढे काम संस्थेने एकदाच करून घेतले आणि त्याचा खर्च जसजसे सभासद जोडले जातील तसतसा त्यांच्याकडून वसूल केला, तर कोणावरही अन्याय होत नाही. पहिला अर्जदार म्हणून आपले नाव असेल, तर हा ठराव मांडण्याचे कामही आपलेच आहे, असे मी मानतो.

काम पुरे झाल्यावर ठेकेदाराकडून अर्थिंगच्या मापाचा आकडा लिहिलेला चाचणी अहवाल सहीनिशी घ्यावा. पहिल्या रात्री तासभर गाडी भरल्यानंतर जोडावर, एमसीबीवर आणि केबलच्या टोकांवर बाहेरून हाताची पाठ टेकवून पाहावी. कोमटपणा चालेल, चटका लागता कामा नये, आणि लागला तर बहुधा एखादा स्क्रू सैल राहिलेला असतो, तो ठेकेदारास त्याच आठवड्यात बोलावून आवळून घ्यावा. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. अहवालाची एक प्रत सोसायटीच्या दप्तरी द्यावी, दुसरी विम्याच्या कागदांत ठेवावी.