कललेल्या कुंडीतले झाड

झाड बुटके राहण्याची कारणे मुख्यतः दोन असतात. एक कारण झाडाच्या वंशातच दडलेले असते, म्हणजे पेशींतील एखाद्या बदलामुळे त्याची पेरे, अर्थात खोडावरच्या दोन पानांमधली अंतरे, लांबतच नाहीत. दुसरे कारण माणसाच्या हातात असते, म्हणजे उंच होण्याची पूर्ण क्षमता असलेल्या झाडाची मुळे आणि शेंडे वर्षानुवर्षे छाटून त्याला लहान ठेवले जाते. घरापुढच्या दहा-बारा पावलांच्या बागेसाठी झाड निवडणाऱ्याला या दोन बुटकेपणांतला फरक आधी समजून घ्यावा लागतो, कारण पहिल्यात झाडाची काळजी झाड स्वतःच घेते आणि दुसऱ्यात ती कोणीतरी रोज घ्यावी लागते.

वंशागत बुटकेपणाचा देखणा नमुना म्हणजे ‘मारिकेन’ नावाचा गिंगको. गिंगको बायलोबा हा वृक्ष डायनोसॉरांच्या काळात बहरलेल्या एका मोठ्या वनस्पतिगटाचा आज उरलेला एकमेव वंशज असून त्याचे पंख्यासारखे, मधोमध चिरलेले पान शरद ऋतूत सोनेरी होते. नेदरलँड्समधील नायमेखेन शहरात अशा एका साध्या गिंगकोवर आखूड, दाट फांद्यांचा एक गुच्छ आढळला. युरोपातील माळी अशा गुच्छाला चेटकिणीचा झाडू म्हणतात. त्या गुच्छाची काडी साध्या गिंगकोच्या रोपावर बांधून जी कलमे तयार झाली, ती दहा वर्षांत जेमतेम कमरेएवढी होतात आणि त्यांना कात्री जवळजवळ लागतच नाही. भारताशीही गिंगकोचे नाते जुने आहे. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेला एक आरंभीचा शोधनिबंध गिंगकोच्या बीजांडांत शिरलेल्या परक्या परागकणांविषयी होता, आणि दार्जिलिंग, मसुरी यांसारख्या हिमालयातील थंड गावी या वृक्षाची लागवड झालेली आहे.

कर्जत आणि खालापूर या बोरघाटाच्या पायथ्याच्या तालुक्यांत मात्र हे झाड रुजत नाही, आणि त्याचे कारण माती किंवा निगराणी यांपेक्षा हिवाळ्यात आहे. गिंगकोच्या कळ्या पानगळीनंतर गाढ सुप्तावस्थेत जातात आणि काही आठवडे सलग थंडी मिळाल्याशिवाय त्या सुप्तावस्थेतून नीट बाहेर येत नाहीत. कर्जतला जानेवारीतल्या पहाटेही पारा क्वचितच दहा अंशांच्या खाली उतरतो, आणि तोही दुपारपर्यंत तिशीकडे सरकतो. थंडीचा हा हिशेब अपुरा राहिला की पालवी उशिरा व तुरळक फुटते, फांद्या वाढत नाहीत आणि झाड दरवर्षी थोडे अधिक थकत जाते. त्यातच मे महिन्यातली चाळीस अंशांवरची उष्णता आणि तिच्या पाठोपाठ चार महिने मुळांवर उभे राहणारे पाणी यांची भर पडते. सह्याद्रीच्या पायथ्याची झाडेही पाने गाळतात, परंतु सावर, पळस, पांगारा यांची पानगळ कोरडेपणाला दिलेले उत्तर असते, थंडीला नव्हे.

या भागाला वंशागत बुटकेपणा अपरिचित आहे असे मात्र नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्राची परंपरा १९१९ पासूनची असून ते आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. १९६६ साली फिलिपाइन्समध्ये प्रसारित झालेल्या आयआर-८ या भाताने आखूड ताटाचे महत्त्व जगाला पटवल्यानंतर कर्जत-१८४, कर्जत-३ यांसारखे ठेंगणे वाण याच परिसरातील खाचरांत वाढू लागले. खताचा भार पेलूनही जमिनीवर न लोळणारे ताट हा त्या बुटकेपणाचा हेतू होता. शोभेच्या झाडाच्या बाबतीत मात्र असे तयार वाण येथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण परदेशी बुटकी झाडे बहुतेक थंड हवेची असतात. म्हणून कर्जत-खालापुरात लहान बागेतला वृक्ष हवा असेल तर तो हातानेच बुटका करावा लागतो, आणि त्या कामासाठी सर्वांत सोशीक ठरतो तो नांदरुक.

नांदरुक हा वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळातला सदाहरित वृक्ष असून त्याची पाने लहान, जाड आणि तकतकीत असतात, जखम झाली की पांढरा चीक येतो आणि दमट हवेत खोडावरून पारंब्या सुटतात. या कुळातील झाडे मातीवाचूनही तग धरतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी विहिरीच्या चिऱ्यांत, देवळाच्या शिखरात किंवा दगडी पुलाच्या सांध्यात रुजते आणि मूठभर धुळीवर वर्षानुवर्षे वीतभर उंचीचे राहते. वामनवृक्ष, म्हणजेच जपानी शब्दात बोन्साय, करणाऱ्यांना असे भिंतीतले रोप फार प्रिय असते, कारण खोडाला आलेला पीळ आणि दगडावर चपट्या झालेल्या मुळ्या हातून घडवायला दहा वर्षे लागली असती. पावसाळ्यापूर्वी भिंतींची डागडुजी करताना गवंडी ही रोपे नाहीतरी उपटून फेकतो; तेवढ्यात त्याच्याकडून छिन्नीने सांधा उकरून मूळ शक्य तितके अखंड मिळवले तर झाड वाचते.

भिंतीतले रोप न मिळाल्यास गुटी कलम हा दुसरा मार्ग असतो. जून-जुलैत मोठ्या झाडाच्या अंगठ्याएवढ्या फांदीवरची सुमारे एक इंच रुंदीची साल गोलाकार काढून तेथे ओले शेवाळ बांधतात आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळतात. पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली उतरते, पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढते. त्यामुळे साल तुटली तरी फांदी सुकत नाही, आणि वाट अडलेले अन्न जखमेच्या वरच्या काठाशी साचून तेथे मुळे फुटतात. महिना-दीड महिन्यात प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागली की फांदी खाली कापून कुंडीत लावली जाते.

या कुंडीत काय भरायचे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. कर्जत परिसरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. अशा पावसात खाचरातली चिकण माती उथळ कुंडीत भरली तर ती आठवड्याभरात घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून जाणकार माळी मातीचा मोह जवळजवळ सोडूनच देतात. चाळून घेतलेला मुरूम, विटांचे खडे, पालापाचोळ्याचे जुने खत आणि थोडे जळके भाताचे तूस, एवढ्यावर काम भागते. विटांचे खडे या भागात सहज मिळतात, कारण नदीकाठच्या गावांत हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत वीटभट्ट्या धगधगत असतात, परंतु त्यातही पारख लागते. भट्टीच्या कडेची अर्धवट भाजलेली, फिकट वीट दोन पावसांत विरघळून पुन्हा चिखल होते, तर पक्क्या, खणखणीत विटेचा खडा पाणी शोषूनही आकार सोडत नाही. ठोकून, चाळून, धूळ वेगळी करून साधारण ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे खडे घ्यायचे, आणि खाली राहिलेली भुकटी टाकून द्यायची. ही भुकटी टाकवत नाही म्हणून मिसळणाऱ्यांची झाडे श्रावणात पिवळी पडतात.

एवढे करूनही उथळ कुंडीची एक अडचण उरते. पाणी छिद्रातून वाहून गेल्यावरही तळाशी ओलाव्याचा एक थर खड्यांच्या फटींत अडकून राहतो, आणि या थराची जाडी कुंडीच्या खोलीवर नव्हे तर खड्यांच्या आकारावर ठरते. त्यामुळे हातभर खोल कुंडीत तो तळाशी पडून राहतो व मुळांना वर कोरडी जागा मिळते, परंतु चार बोटे खोल कुंडीत तोच थर निम्म्या मुळांना बुडवतो. भिजलेला स्पंज आडवा धरला असता ठिबकणे थांबते आणि तोच एका कोपऱ्यावर उभा केला की त्यातून पुन्हा पाणी गळू लागते, हा घरगुती अनुभव येथे कामी येतो. आर्द्रा नक्षत्राचा पाऊस लागला की प्रत्येक कुंडीच्या एका कडेखाली दगड किंवा विटेचा तुकडा सरकवून ती तिरकी केली जाते, छिद्र खालच्या बाजूला येईल असे पाहिले जाते, आणि झाड उपटून पडू नये म्हणून आधीच त्याची मुळे कुंडीच्या छिद्रांतून घेतलेल्या तारेने तळाशी बांधलेली असतात. पावसाळ्यात या बागेत शिरणाऱ्या अनोळखी माणसाला सारी झाडे वाऱ्याने कलंडल्यासारखी वाटतात. त्यांच्या तब्येतीचे रहस्य त्या कलण्यातच असते.

पावसाळ्यातील दुसरे काम छाटणीचे. फांदीचा शेंडा ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार करतो आणि ते खाली उतरत असताना बगलेतल्या कळ्यांना फुटू देत नाही. शेंडा खुडला की हा दाब उठतो आणि मागच्या दोन-तीन कळ्या एकदम जाग्या होतात. नांदरुकाच्या फांदीला सहा-सात पाने आली की दोन पाने राखून बाकी कापायची, पुन्हा सहा आली की पुन्हा दोनवर आणायची, असा क्रम ठेवल्यास एका पावसाळ्यात एका फांदीच्या आठ फांद्या होऊ शकतात. काप घेताच चीक ओघळतो. त्यावर पाण्याचा फवारा मारला की तो थांबतो. मात्र नेमक्या याच दिवसांत भाताची आवणी असते, आणि बाग सांभाळणारा माळी जवळच्या पाड्यावरचा शेतकरी असल्याने दोन-तीन आठवडे तो खाचरात राबत असतो. झाडे मात्र तेव्हाच सर्वांत वेगाने वाढतात. तारेने फांद्या वळवण्याची हौस असलेल्यांना याचा फटका बसतो. फुगत्या सालीत अॅल्युमिनियमची तार तीन-चार आठवड्यांत रुतते आणि उठलेला वळ वर्षानुवर्षे जात नाही, म्हणून पावसाळ्यात तारेऐवजी सुतळीला दगड बांधून फांदी खाली ओढणेच शहाणपणाचे ठरते.

पाऊस झाडाला नुसता त्रास देतो असे मात्र नाही. थंड देशांतले वामनवृक्षप्रेमी काचघरात पाण्याची वाफ धरून जी पारंबी मिळवू पाहतात, ती येथे जुलैच्या दमट हवेत आपोआप सुटते. केसाएवढी ती पारंबी वाऱ्याने सुकू नये म्हणून पोकळ नळीतून कुंडीतल्या खड्यांपर्यंत उतरवली, की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती जाड होऊन फांदीला खांबासारखा आधार देते. जवळजवळच्या दोन पारंब्या एकमेकींना चिकटल्या तर त्यांचे एकच खोड होते. पाने मात्र या साऱ्या लाडाने मोठी होतात. ती लहान करण्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाड सशक्त असेल तरच, देठ राखून सगळी पाने कापून टाकतात. नव्याने येणारी पाने संख्येने अधिक आणि आकाराने लहान असतात. फळांना हा नियम लागू होत नाही, त्यामुळे वीतभर पिंपळावरही पूर्ण आकाराचीच फळे लागतात आणि ती फांदीच्या मानाने विचित्र दिसतात. नव्या पालवीवर फुलकिडे आले तर नांदरुकाचे पान मधल्या शिरेवर शेंगेसारखे मिटते. औषध मिटलेल्या पानाच्या आत पोहोचत नाही, तेव्हा ते पान खुडून जाळणे हाच खात्रीचा उपाय.

उन्हाळा ही या कामाची खरी परीक्षा. एप्रिल-मेमध्ये उथळ कुंडी दुपारी हाताला चटका देते, त्यामुळे वर हिरवे शेडनेट, खाली ओले गोणपाट आणि दिवसातून दोनदा पाणी एवढे किमान लागते. पाण्याच्या बाबतीत गावांचे नशीब सारखे नाही. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून वीज करून सोडलेले पाणी पेज नदीत आणि राजनाला कालव्यात येते, त्यामुळे त्याच्या लाभक्षेत्रात उन्हाळी भातही पिकतो. डोंगराकडेच्या वाड्यांवर मात्र त्याच महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी पायपीट असते, आणि तेथे शोभेच्या झाडाचा विचारही करवत नाही. मुंबईकरांच्या फार्महाउसची अडचण निराळी आहे. मालक शनिवारी येतो, रविवारी जातो, आणि त्याला हवे असते ते मारिकेनसारखे, स्वतःच लहान राहणारे झाड. येथील हवा त्याच्या हाती देते ते मात्र एका दुपारचे पाणी चुकले तरी पाने टाकणारे. म्हणून या तालुक्यांतल्या चांगल्या वामनवृक्षाकडे पाहताना तो कोणाच्या मालकीचा आहे यापेक्षा मेमध्ये दुपारी तेथे कोण असते हे विचारणे अधिक उपयोगाचे असते.

दसऱ्याच्या सुमारास पाऊस मागे हटतो आणि ऑक्टोबरचे ऊन कडक होते. तेव्हा कुंड्यांखालचे दगड एकेक करून काढले जातात, कुंड्या सपाट बसवल्या जातात, खड्यांवर माजलेले हिरवे शेवाळ खरवडले जाते आणि छिद्रांतून बाहेर आलेली मुळे कापली जातात. ज्या कुंडीत पाणी घालताच ते वर तुंबून हळूहळू जिरते, तिच्यात मुळांची दाटी झाली असे समजून तिच्यावर खडूने खूण केली जाते. तिचे झाड पुढच्या वर्षी मृगाच्या पहिल्या सरींनंतर बाहेर काढून, एक तृतीयांश मुळे छाटून, त्याच कुंडीत नव्या खड्यांवर बसवायचे असते.