फोटोसाठी म्हणून

नव्वदच्या दशकात मुळशी तालुक्यातल्या नेऱ्यात साखरपुडा ठरला की घरात कामांची यादी निघायची. आचारी, जाजमं, नारळ, आहेराच्या साड्या, टोप्या-टॉवेल आणि बोलावलं नाही तर रुसतील अशा पाहुण्यांची नावं. फोटोग्राफर या यादीत सगळ्यात खाली, तोही कुणाला आठवला तर. मुलीचा मामा गाडीला किक मारून हिंजवडीला नाहीतर चिंचवडला जायचा, स्टुडिओवाल्याला 'एक रोल मारून दे' म्हणायचा आणि परत यायचा. फोटोची तयारी संपली.

एक रोल म्हणजे 36 फोटो. फिल्म जपून चढवली तर वर एखाद-दुसरा. रोल, धुलाई, प्रिंट, सगळ्याला पैसे मोजावे लागत, म्हणून फोटोग्राफरही बटण विचार करून दाबायचा. मुलीला कुंकू लावताना एक, सासरची साडी नेसून ती बाहेर आली की एक, ओटी भरताना एक, मुलाला टिळा लावताना एक, पुडा हातात देताना एक. बाकीचे मानपानात संपत. थोरल्या चुलत्यांचा घेतला आणि धाकट्यांचा राहिला, तर त्याची आठवण पुढे दोन लग्नं निघायची. दोघांचा म्हणून जो काय एक फोटो निघे, त्यात मधोमध कुणाचं तरी पोर उभं केलेलं असे आणि मुलीची नजर जाजमावर खिळलेली. अल्बम हातात पडेपर्यंत बऱ्याचदा लग्नही उरकलेलं असायचं. एखादा फोटो हलला, कुणाचे डोळे मिटले, तरी कुणी हळहळत नसे. कार्य फोटोसाठी नव्हतंच.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गावाभोवतीचं सगळंच हललं. हिंजवडीत राजीव गांधी आयटी पार्क वाढत गेलं, 2002 साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, मारुंजीकडून सरकत आलेल्या इमारती नेऱ्याच्या शिवेला टेकल्या. जमिनीला भाव आला आणि कार्यांना लॉन्स आली. साखरपुडा अंगणातून स्टेजवर चढला. साखरेच्या पुड्याशेजारी अंगठीचा ट्रे आला आणि बघता बघता त्याने पुड्याला कोपऱ्यात सरकवलं. व्हिडिओवाला हॅलोजन घेऊन जेवणाऱ्यांच्या ताटावर यायचा आणि नंतर मिक्सिंग करून नवरीला गुलाबाच्या फुलातून बाहेर काढायचा. त्या कॅसेटी अजून कपाटात आहेत. त्या लावायचं यंत्र मात्र घरात उरलेलं नाही.

खरा फरक पडला तो डिजिटल कॅमेऱ्याने. 2008 मध्ये निकॉनचा डी 90 आणि कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आले. ज्या कॅमेऱ्यातून फोटो, त्यातूनच व्हिडिओ, तोही मागचं सगळं धूसर करून माणूस उठावदार दाखवणारा, थेट सिनेमातल्यासारखा. ही यंत्रं आपल्याकडच्या लग्नवाल्यांच्या हातात यायला काही वर्षं गेली, पण आल्यावर रोल वाचवायची सवयच गेली. शंभर काढा, दोन निवडा. तोवर घरचे सांगत आणि फोटोग्राफर ऐकत असे. आता तो सांगू लागला. कुंकू पुन्हा लावा, अंगठी अर्ध्यावर थांबवा, आत्याबाई, जरा बाजूला व्हा.

आणि मग तो लग्नाआधीच दोघांना घराबाहेर घेऊन निघाला, प्री-वेडिंग शूटला.

नेऱ्याला त्यासाठी लांब जावं लागत नाही. कासारसाईचं धरण हाकेच्या अंतरावर, भोवती डोंगर आणि शिवारात अजून शिल्लक असलेली भातखाचरं. अडचण आहे ती पंचांगाची. लावणी आषाढात होते, श्रावण-भाद्रपदात खाचरं अशी हिरवीगार असतात की कुठूनही कॅमेरा लावा. मुहूर्त मात्र निघतात तुळशीच्या लग्नानंतर, आणि तोवर इंद्रायणी भात कापून झोडून झालेला असतो, शेतात नुसती धसकटं. म्हणून मुलं-मुली शूट आधी उरकायचं म्हणतात. भाद्रपदाच्या दुसऱ्या पंधरवड्यात फोटोग्राफर मोकळा, पाऊस ओसरलेला, भात निसवायला आलेला. आणि घरातली म्हातारी म्हणते, पित्रांत कसले फोटो काढता? या वादात मी म्हातारीच्या बाजूचा नाही, पण तिचं ऐकून नवरात्रात गेलेल्यांनाही पिवळसर झालेलं शेत मिळतं आणि तेही फोटोत वाईट दिसत नाही.

दिवस ठरला की घड्याळ आडवं येतं. फोटोग्राफरला कोवळं ऊन हवं आणि नऊनंतर हिंजवडीकडचा रस्ता गाड्यांनी तुंबलेला. मग मेकअपवाली पहाटे चारला दारात हजर. नऊवारी, मुलाचा फेटा, दुसरा गाऊन, तिसरा जोड साध्या कपड्यांचा, डबाभर सेफ्टी पिना, इस्त्री, पाण्याच्या बाटल्या, बांधावर रुतणाऱ्या हिलच्या चपला आणि त्या हातात धरून मागून चालणारी काकी. कपडे बदलायला जागा नसते. गाडीची दोन्ही दारं उघडून त्यांवर ओढण्या टाकायच्या आणि काकीने रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. खाचरात उतरण्याआधी शेतमालकाला विचारलेलं बरं. निसवत्या भातात घुसलेल्या गाऊनवरून भांडणं झालेली आहेत. धरणावर पावसाळ्यात पाण्यात उतरायला बंदीचे आदेश निघतात, ते मोडून फोटो काढू नयेत हे सांगायला नको, तरी सांगावं लागतं. ड्रोनचंही तेच. 2021 च्या नियमांनी 250 ग्रॅमपर्यंतच्या छोट्या ड्रोनला परवान्याची अट ठेवली नाही, पण कुठे उडवायचा ते नकाशा बघून ठरतं, काकाच्या हौशीवर नाही.

एप्रिल 2021 मध्ये तर करोनाच्या निर्बंधांमुळे लग्नाला 25 माणसं आणि 2 तास एवढीच मुभा होती, मोडली तर 50 हजारांचा दंड. लॉन्स ओस पडली. ज्यांना बोलावता आलं नाही त्यांना दाखवायला फोटोच तेवढे हातात होते, आणि आधी शूटला नाकं मुरडणारे मोबाइलवर ते पुन्हा पुन्हा बघत बसले.

2025 च्या मे महिन्यात मुळशी तालुक्यातल्याच एका सुनेच्या मृत्यूने आणि हुंड्यासाठी छळाच्या आरोपांनी राज्य ढवळून निघालं. त्यानंतर मराठा समाजाच्या बैठका झाल्या, लग्नाच्या आचारसंहिता ठरल्या. हुंडा नको, डीजे नको, माणसं कमी, आणि त्यांतच प्री-वेडिंगवरही बोट ठेवलं गेलं. खर्चाचा मुद्दा मला पटतो. तीन जोड कपडे आणि ड्रोन यांच्यासाठी कर्ज काढणारी घरं इथेही आहेत. पण हुंडा आणि शूट एका ओळीत बसवणं काही पटत नाही.

कारण नेऱ्यासारख्या गावात हे शूट रुजलं ते नुसत्या दिखाव्यामुळे नाही. साखरपुडा झाला तरी मुलीने मुलाबरोबर एकटीने फिरायचं, हे कालपरवापर्यंत घरांत चालत नव्हतं. फोनवर बोला, तेही बेताने. मात्र 'फोटोसाठी जायचंय' म्हटल्यावर तोच बाप गाडीची चावी काढून देतो. काकी बरोबर असते, पण काकीही दोन तासांनी कंटाळते, झाडाखाली बसते आणि दोघांना बोलायला मिळतं. लग्न ठरवायच्या बैठकीत सोनं, मानपान, जेवणावळ सगळं बोललं जातं. मुलीची आयटी पार्कातली नोकरी लग्नानंतर राहणार का, पगार कुणाच्या खात्यात जाणार, हे तिथे कुणी काढत नाही आणि तिला काढता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात धरणाच्या बाजूला एक जोडी पाहिली. पहिला जोड झाला होता, दुसरा घालायचा होता. मुलगी फेट्याचा शेमला हातात गुंडाळत मुलाला विचारत होती की रात्रपाळी लागली तर तुमच्या घरचे काय म्हणतील. तो उत्तर शोधत होता. पलीकडून फोटोग्राफर ऊन चाललंय म्हणून ओरडत होता, आणि ती त्याला म्हणाली, थांबा हो जरा, आमचं बोलणं चाललंय.