गुडघ्यात सुई घेण्याआधी

पनवेलजवळच्या कोन इथल्या २,४१७ घरांची गिरणी कामगारांसाठीची सोडत म्हाडाने २०१६ साली काढली. या कामगारांचा मुंबईतला गिरणी संप १९८२ चा. तेव्हा विशीत असलेला कामगारही आज साठीपलीकडे गेला आहे. साच्यासमोर पाळ्या करून झिजलेले गुडघे आणि कंबर या पिढीच्या घराघरांत आहेत. गोळ्या लागू पडेनाशा झाल्या की कोणीतरी सल्ला देतंच, ‘एकदा इंजेक्शन घेऊन टाका, मोकळे व्हाल.’

पण इंजेक्शन कशाचं? पहिला प्रश्न हाच, आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो.

सांध्यात बहुतेकदा दिलं जातं ते स्टेरॉइड. सूज उतरते, दुखणं काही आठवडे हलकं होतं. खांदा आखडला असेल किंवा बोट अडकत असेल, तर त्याचा चांगला उपयोग होतो. झिजलेल्या गुडघ्याची गोष्ट वेगळी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १४० रुग्णांपैकी काहींना दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड आणि बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या वेदनेत म्हणावा असा फरक नव्हता. उलट स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा अधिक झिजली होती. २०२० मध्ये १५६ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात वर्षअखेरीस फिजिओथेरपी घेतलेल्यांची स्थिती इंजेक्शनवाल्यांपेक्षा चांगली निघाली. व्यायामाला घाम लागतो आणि वेळही, म्हणून सुई सोपी वाटते, इतकंच.

‘वंगणाचं इंजेक्शन’ त्याहून महाग. नाव मोठं पटण्याजोगं आहे, पण गुडघा म्हणजे विहिरीवरची कप्पी नव्हे. असंख्य चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये निघाला, त्यात या औषधाचा फायदा जेमतेमच दिसला. रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचं, म्हणजे पीआरपीचं, सध्या फार कौतुक चालतं. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत ते मिठाच्या पाण्यापेक्षा सरस ठरलं नाही. अशा वेळी तीन सुयांचं ‘पॅकेज’ आगाऊ पैसे भरून घेणं हा सरळसरळ तोट्याचा सौदा वाटतो.

मणक्यातली सुई याहून जोखमीची. डिस्क सरकून नस दबली आणि पायात नुकतीच कळ सुरू झाली असेल, तर तिने तात्पुरता आराम पडू शकतो. तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीसाठी मात्र ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचना अशा सुयांच्या विरोधात आहेत. मणक्यातल्या स्टेरॉइडमुळे क्वचित लकवा किंवा दृष्टी जाण्यासारखे गंभीर परिणाम होतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्येच दिला होता.

म्हणून टेबलावर झोपण्याआधी औषधाचं नाव कागदावर लिहून मागावं. आराम किती दिवस टिकेल, नाही घेतली तर काय बिघडेल, हेही विचारावं; आधी किती सुया झाल्या आहेत ते सांगावं. मधुमेह असेल तर स्टेरॉइडनंतर काही दिवस साखर वाढते. ती घरी तपासावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधीच सांगावं, मनाने बंद करू नये. गुडघा बदलायचं ठरत असेल तर शस्त्रक्रियेआधीच्या तीन महिन्यांत त्यात सुई घेऊ नये, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दुसरं मत घ्यायला कोनकरांना लांब जावं लागत नाही: पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्यात एमजीएम रुग्णालय आहे.

आणि सुईनंतर ताप आला, सांधा लाल होऊन फुगला, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.