कार्यालयाची खरी राखण

पूर्वी संस्थेची तिजोरी लोखंडी असे आणि तिची किल्ली चिटणीसांच्या कमरेला असे. आज देणग्यांचे हिशेब, शिष्यवृत्तीच्या याद्या, विद्यार्थ्यांच्या आधार कार्डांच्या नकला, सारे संगणकात असते. ही तिजोरी फोडणारा चोर दाराशी येत नाही. तो दूर देशी बसून आपल्याच एखाद्या माणसाच्या हातून दार उघडवून घेतो. म्हणून तिची राखण केवळ यंत्रांवर सोपवून भागत नाही. ती कार्यालयातील माणसांच्या सवयींवर अवलंबून असते. हे कसे, ते एका गाजलेल्या उदाहरणावरून पाहू.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर असा दरोडा पडला. तयारी वर्षभर आधीच झाली होती. नोकरीच्या उमेदवाराचे सोंग घेऊन चोरांनी बँकेतील लोकांना ई-मेल धाडले आणि त्यांतून आत शिरकाव केला. ४ फेब्रुवारीच्या गुरुवारी रात्री न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील बांगलादेशच्या खात्यातून पैसे पाठवण्याचे ३५ हुकूम सुटले. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर! दिवसही हेरलेला होता. शुक्रवार-शनिवार ढाक्याची सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कची, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची.

अशा व्यवहारांची नोंद ढाक्याच्या कचेरीतील छपाईयंत्रावर आपोआप उमटत असे. शुक्रवारी ते यंत्र बंद आढळले. नेहमीचाच बिघाड असेल, असे समजून लोक स्वस्थ राहिले. वास्तविक चोरांनीच त्याची वाचा बंद केली होती.

याउलट, श्रीलंकेतील एका संस्थेच्या नावे निघालेल्या २ कोटी डॉलरच्या हुकुमात ‘फाउंडेशन’ हा शब्द चुकीचा लिहिला होता. वाटेतल्या एका जर्मन बँकेस शंका आली, तिने विचारणा केली, आणि ती रक्कम वाचली. बहुतेक हुकूम न्यूयॉर्कमध्येच अडले. तरी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलात पोहोचले आणि त्यांतला मोठा भाग जुगारगृहांच्या वाटेने नाहीसा झाला.

दोन्ही खुणा क्षुल्लकच होत्या. एकीकडे लोकांनी त्या खुणेकडे दुर्लक्ष केले, दुसरीकडे विचारले. ही विचारण्याची सवय कार्यालयात कशी लागते? की ती आपणच मोडतो?

मला हा धडा फार उशिरा मिळाला. काही वर्षांपूर्वी शाळेच्या कचेरीची देखरेख माझ्याकडे होती. एका तरुण कारकुनाने बिल म्हणून आलेले जोडपत्र उघडले आणि संगणक विचित्र वागू लागला. तो दोन दिवस गप्प राहिला. तेवढ्यात सहामाहीची सारी गुणपत्रके गेली. “लगेच का नाही सांगितलेस?” असे मी विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, मागे पावतीपुस्तकात चूक झाली, तेव्हा आपण चारचौघांत बोललात.” ज्या मुलाला चुकीबद्दल मार बसतो, तो पुढची चूक लपवतो, हे वर्गात मला ठाऊक होते, कचेरीत मी ते विसरलो. येथे झाकली मूठ सव्वा लाखाची नसते. ती झाकल्यानेच सव्वा लाख जातात.

तेव्हा प्रत्येक संस्थेने काही रीती पाळाव्यात. चूक कळवणाऱ्यास प्रथम शाबासकी द्यावी, चौकशी मागाहून करावी. बँक-खाते बदलल्याचे किंवा पैसे तातडीने पाठवण्याचे पत्र अध्यक्षांच्या नावाने आले तरी, आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. आणि अशा खात्रीबद्दल अध्यक्षांनी राग मानू नये. मोठी रक्कम दोघांच्या संमतीवाचून जाऊ नये. पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा असावा, ओटीपी कोणासही सांगू नये. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे; जितका उशीर, तितकी आशा कमी.

हे नियम वडीलधाऱ्यांनी आधी स्वतः पाळले, तरच इतर पाळतील. आपल्या संस्थेने इतकी वर्षे लोकांचा विश्वास जपला. या महोत्सवी वर्षात तिच्या कचेरीतील सर्वांत धाकट्या सेवकालाही “मला शंका आहे” असे निर्भयपणे म्हणता यावे, एवढीच सदिच्छा.