मॉरिशसमधील प्रेक्षणीय स्थळे

हिंदी महासागरातील मॉरिशस या द्वीपराष्ट्राच्या मुख्य बेटावरील निसर्गरम्य, ऐतिहासिक व धार्मिक स्थळे. हे बेट मादागास्करच्या पूर्वेस सु. ८०० किमी. वर, मकरवृत्ताच्या थोडे उत्तरेस असून त्याचे क्षेत्रफळ १,८६५ चौ. किमी. आहे. त्याची दक्षिणोत्तर लांबी सु. ६५ किमी. व पूर्व-पश्चिम रुंदी सु. ४५ किमी. असल्याने बेटावरील कोणतेही स्थळ मुक्कामाच्या ठिकाणाहून निघून एका दिवसात पाहून परतता येते. देशाची लोकसंख्या १३ लक्षांहून कमी असताना २०१८ व २०१९ या वर्षांत प्रत्येकी १३ लक्षांहून अधिक परदेशी पर्यटक येथे आले. पुळणींचे आकर्षण सर्वांत मोठे असले, तरी ज्वालामुखीने घडविलेली भूमी, मानवाच्या आगमनानंतर ऱ्हास पावलेली जीवसृष्टी आणि गुलाम व करारबद्ध मजूर यांचा इतिहास या तिन्हींच्या खुणा येथे थोड्या अंतरात पाहावयास मिळतात.

भूरचना : मॉरिशस सु. ८० लक्ष वर्षांपूर्वी सागरतळावरील ज्वालामुखींच्या उद्रेकांतून निर्माण झाले. दख्खनच्या पठारावरील असिताश्माचे (बेसाल्टचे) थर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तस्थानातून बाहेर पडलेल्या लाव्ह्यामुळे साचले, त्याच तप्तस्थानापासून पुढे मॉरिशस निर्माण झाले, असे भूवैज्ञानिक मानतात. ते तप्तस्थान सध्या शेजारच्या रेयूनियाँ बेटाखाली आहे. त्यामुळे सह्याद्रीशी परिचय असलेल्या प्रवाशास येथील काळा कातळ, उभे कडे व तांबडी माती ओळखीची वाटते. मध्यभागी पठार आणि त्याभोवती तुटक डोंगररांगा अशी बेटाची रचना आहे. नैर्ऋत्येकडील पितों द ला पेतित रिव्ह्येर न्वार (८२८ मी.) हे सर्वोच्च शिखर होय. पीटर बोथ (८२० मी.) या शिखराच्या माथ्यावर मनुष्याच्या मस्तकासारखा दिसणारा एक प्रचंड खडक तोललेला आहे. ईस्ट इंडीजचा पहिला डच गव्हर्नर-जनरल पीटर बोथ हा १६१५ मध्ये या बेटाजवळ जहाज फुटून बुडाला. त्याचेच नाव शिखरास मिळाले आहे.

समुद्रकिनारा : बेटाच्या बहुतेक भागाभोवती सु. १५० किमी. लांबीची प्रवाळभित्ती असून तिच्या व किनाऱ्याच्या दरम्यान उथळ, शांत खारकच्छ आहे. महासागराच्या लाटा या भित्तीवर फुटतात आणि किनाऱ्यापर्यंत त्यांचा जोर उरत नाही. पुळणींवरील पांढरी वाळूही मुख्यत्वे प्रवाळांच्या व शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची आहे. म्हणजेच प्रवाशास आवडणारे निळे पाणी, पांढरी पुळण आणि निर्धोक स्नान ही तिन्ही प्रवाळांची देणगी होय. दक्षिणेस सूयाकजवळ ग्री-ग्री येथे ही भित्ती खंडित झाली आहे. तेथे लाटा थेट काळ्या कड्यांवर आदळतात व पोहणे धोक्याचे ठरते. उत्तरेकडील एखाद्या शांत पुळणीनंतर ग्री-ग्रीचा कडा पाहिला असता भित्तीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

उत्तरेस ग्रां बे व त्रू ओ बिश, पश्चिमेस फ्लिक आँ फ्लाक आणि पूर्वेस बेल मार या पुळणी प्रसिद्ध आहेत. पूर्व किनाऱ्यालगतच्या ईल ओ सेर या लहान बेटावर नावेने जाता येते. आग्नेयीकडील ब्लू बे येथील सागरी उद्यानात तळास काच बसविलेल्या नावांतून जिवंत प्रवाळ पाहता येतात. हे उद्यान २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशांच्या रामसार यादीत समाविष्ट झाले. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाजवळ आकाशातून पाहिले असता समुद्रातच धबधबा कोसळत असल्याचा भास होतो. तेथे वाळू व गाळ पाण्याखालील उतारावरून खोल भागाकडे घसरत जातात आणि पाण्याच्या रंगछटांतील फरकामुळे हे दृश्य निर्माण होते.

अंतर्भागातील स्थळे : क्यूरपीप या पठारावरील शहरात त्रू ओ सेर हे सु. ३५० मी. व्यासाचे निद्रिस्त ज्वालामुखीचे विवर आहे. त्याच्या काठावरून भोवतालच्या डोंगरांचा विस्तृत देखावा दिसतो. नैर्ऋत्येस शामारेल येथील ‘सप्तरंगी भूमी’ हे निसर्गाचे एक विलक्षण दृश्य होय. उष्ण व दमट हवेत असिताश्माचे दीर्घकाळ अपक्षयण होऊन त्यातील विद्राव्य घटक वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. त्यांच्या कमीअधिक प्रमाणामुळे तांबडी, तपकिरी, पिवळसर, जांभळी अशा रंगांची मऊ टेकाडे तयार झाली आहेत. पायांखाली तुडविली गेल्यास ती लवकर बिघडतात. म्हणून भोवती कुंपण घालून प्रवाशांस कडेने फिरविले जाते. जवळच शामारेलचा उंच धबधबा आहे.

उत्तरेकडील पाँप्लमूस येथील वनस्पती उद्यानाचा प्रारंभ फ्रेंच गव्हर्नर माए द ला बूर्दोने याने १७३५ नंतर केलेल्या बागेत झाला. पुढे प्येर प्वाव्ह्र याने लवंग, जायफळ इ. मसाल्यांची झाडे येथे आणवून डचांच्या मसाल्याच्या मक्तेदारीस शह दिला. महाकमळाची थाळ्यासारखी काठ वळलेली पाने आणि अनेक दशकांनी एकदाच फुलून मरणारा तालिपोत ताड ही येथील मुख्य आकर्षणे होत. स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांची समाधी येथेच असून उद्यानास त्यांचे नाव देण्यात आले आहे. नजीकच्या बो प्लाँ येथील बंद पडलेल्या साखर कारखान्यात साखरेच्या इतिहासाचे संग्रहालय थाटलेले आहे. उसाने या बेटाची भूमी व लोकसंख्या कशी बदलून टाकली, ते तेथे चांगले समजते.

वने व वन्य जीव : १५९८ मध्ये डच खलाशी येथे उतरले, त्या वेळी बेट निर्मनुष्य व घनदाट अरण्याने आच्छादलेले होते. उडता न येणारा डोडो पक्षी त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच नष्ट झाला. शिकारीपेक्षाही जहाजांतून आलेली डुकरे, माकडे व उंदीर यांनी त्याचा अधिक घात केला असावा. पोर्ट लुई येथील निसर्गेतिहास संग्रहालयात एकाच पक्ष्याच्या हाडांतून उभा केलेला डोडोचा सांगाडा आहे. मूळच्या अरण्यांपैकी सुस्थितीतील भाग आता दोन टक्क्यांहूनही कमी उरला आहे. नैर्ऋत्येकडील ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे १९९४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान (सु. ६६ चौ. किमी.) त्यासाठीच महत्त्वाचे आहे. मॉरिशस खरुची या शिकारी पक्ष्याचे १९७४ मध्ये निसर्गात केवळ चार पक्षी ज्ञात होते. १९९० च्या सुमारास गुलाबी कबूतरेही दहाच्या आसपास उरली होती. पिंजऱ्यात पैदास करून, पिले रानात सोडून व घरट्यांचे रक्षण करून या दोहोंची संख्या शेकड्यांवर नेण्यात आली. आग्नेय किनाऱ्यालगतच्या ईल ओ एग्रेत या २६ हेक्टरांच्या प्रवाळ-चुनखडकाच्या बेटावर आबनुसाचे रान पुन्हा वाढविण्यात आले आहे. तेथे मार्गदर्शकासह मर्यादित प्रवाशांना प्रवेश मिळतो. नष्ट झालेल्या स्थानिक कासवांच्या जागी तेथे आल्डाब्रा बेटावरील महाकाय कासवे सोडली असून ती मूळ कासवांप्रमाणेच बियांचा प्रसार करतात.

पोर्ट लुई : राजधानी पोर्ट लुई हे वायव्य किनाऱ्यावरील बंदर आहे. मध्यवर्ती मंडई, जुम्मा मशीद, टेकडीवरील ॲडिलेड किल्ला आणि १८१२ पासून शर्यती चालू झालेले शाँ द मार्स मैदान ही येथील प्रमुख स्थळे होत. ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ मध्ये निघालेली एक पेनी व दोन पेन्सची अतिदुर्मिळ टपाल तिकिटे आहेत. प्रकाशाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटे ठरावीक वेळीच उजळली जातात. एरवी त्यांच्या प्रतिकृती पाहावयास मिळतात.

वारसास्थळे : बंदरालगतचा आप्रवासी घाट हा मॉरिशसच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण जागांपैकी एक होय. गुलामगिरी संपुष्टात येऊ लागताच उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर आणण्यास १८३४ मध्ये प्रारंभ झाला. १८४९ मध्ये बांधण्यास घेतलेल्या या तळावर उतरून सोळा पायऱ्या चढल्यावर मजुरांची नोंद होई व नंतर त्यांना मळ्यांवर पाठविले जाई. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सु. साडेचार लक्ष भारतीय या मार्गाने आले. मूळ संकुलाचा काही भागच आज उरला आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या मजुरांच्या नोंदींवरून अनेक कुटुंबे आपल्या पूर्वजांच्या मूळ गावांचा शोध घेतात. हा घाट २००६ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरला.

नैर्ऋत्य टोकावरील ल मोर्न ब्राबाँ (५५६ मी.) हा समुद्रात घुसलेला एकाकी डोंगर २००८ मध्ये त्याच यादीत आला. आफ्रिकेतून व मादागास्करमधून आणलेले गुलाम मळ्यांवरून पळून याच्या दुर्गम कड्यांवर व गुहांत आश्रय घेत. १८३५ मध्ये मुक्तीची वार्ता सांगण्यास आलेले शिपाई आपल्याला पकडावयास आले आहेत, असे समजून काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा मौखिक परंपरेने चालत आली आहे. मुक्तीनंतर ब्रिटिश सरकारने मालकांना भरपाई दिली. मुक्त झालेल्यांना मात्र ती मिळाली नाही, उलट आणखी काही वर्षे पूर्वीच्याच मालकांकडे उमेदवार म्हणून राबावे लागले. डोंगराच्या पायथ्याशी स्मारक असून पलीकडेच बेटावरील एक अत्यंत सुंदर पुळण आहे.

धार्मिक स्थळे व मराठी समाज : दक्षिणेकडील डोंगराळ भागात ग्रां बासँ हे ज्वालामुखीविवरातील सरोवर आहे. हिंदू लोक त्यास ‘गंगा तलाव’ म्हणतात. १९७२ मध्ये गंगेचे पाणी आणून त्यात मिसळण्यात आले. महाशिवरात्रीस लक्षावधी भाविक खांद्यावर कावडी घेऊन पायी येथे येतात. काठावरील शंकराची ३३ मी. उंचीची मूर्ती दुरूनच दिसते. करारबद्ध मजुरांत कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज प्रामुख्याने पश्चिम व मध्य भागांत राहतात. गणेशचतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुटी असून मूर्तींचे विसर्जन नद्यांत व समुद्रात होते. मराठी भाषा शाळांतून शिकविली जाते.

प्रवासास योग्य काळ : मे ते नोव्हेंबर हा काळ थंड व तुलनेने कोरडा असतो. डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांत हवा उष्ण व दमट असून चक्री वादळांचा संभव असतो. आग्नेय वाऱ्यांमुळे पूर्व किनारा हिवाळ्यात वादळी, तर पश्चिम व उत्तर किनारे शांत असतात.

संरक्षण : ज्या गोष्टी पाहण्यासाठी प्रवासी येतात, त्याच वाढत्या वापराने दुबळ्या होत आहेत. बांधकामासाठी खारकच्छातून होणारा वाळूचा उपसा २००१ मध्ये बंद करण्यात आला. समुद्राचे पाणी दीर्घकाळ अधिक तापल्यास प्रवाळ आपल्या ऊतकांतील सूक्ष्म शैवले बाहेर टाकून पांढरे पडतात व उष्णता न ओसरल्यास मरतात. भित्ती खचली की लाटा किनाऱ्यापर्यंत पोहोचतात, नवी वाळू तयार होणे मंदावते आणि पुळण झिजते. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर प्वँत देस्नीजवळच्या भित्तीवर रुतले आणि ऑगस्टमध्ये त्यातील सु. १,००० टन तेल समुद्रात पसरले. ब्लू बेचे उद्यान व ईल ओ एग्रेत दोन्ही तेथून जवळच आहेत. स्थानिक लोकांनी कापडी पिशव्यांत उसाचे पाचट भरून तरंगते बांध तयार केले व तेल अडविले. साखरेच्या व्यवसायासाठी ज्यांचे पूर्वज या बेटावर आणले गेले, त्यांच्या वंशजांनी उसाच्याच टाकाऊ भागाने आपला समुद्र राखण्याचा हा प्रयत्न होता. प्रवाळांवर पाय न देणे, शंख वा प्रवाळ उचलून न नेणे व राखीव बेटांवर मार्गदर्शकाशिवाय न फिरणे हे तेथील संकेत पाळणे म्हणूनच अगत्याचे ठरते.