एक संहिता, दोन कंपायलर

शब्दगणना, वारंवारतेची कोष्टके इत्यादी कामांसाठी पायथन भाषेचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकांची सामान्यतः अशी समजूत असते की, आपला प्रोग्रॅम व संगणक यांच्यामध्ये ‘पायथन’ नावाचा एकच मध्यस्थ उभा आहे. वस्तुतः मध्यस्थ दोन आहेत. पहिला इंटरप्रिटर. हा दुभाष्याप्रमाणे आपल्या प्रोग्रॅमचा अर्थ जागच्या जागी यंत्राला सांगत असतो. परंतु हा दुभाषा स्वतःच सी भाषेत लिहिलेला आहे. त्याच्या मूळ संहितेचे यंत्रभाषेत आगाऊ भाषांतर करणारा कंपायलर हा दुसरा मध्यस्थ होय. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

लिनक्सवर हे काम बहुधा जीसीसी (प्रथम प्रकाशन १९८७) करतो, मॅकवर क्लँग. कंपायलर बदलून पाहण्याची कृती सोपी आहे. मूळ संहिता उतरवून घ्यावी, ‘कॉन्फिगर’ चालविताना सीसी या चलाला ‘क्लँग’ हे मूल्य द्यावे, नंतर ‘मेक’ आणि शेवटी ‘मेक टेस्ट’ या आज्ञा द्याव्यात. दोन्ही कंपायलरांची कामे स्वतंत्र फोल्डरांत करावीत, म्हणजे एकाचे अवशेष दुसऱ्यात मिसळत नाहीत.

संहिता एकच असताना फलित भिन्न का व्हावे? सी भाषेचे प्रमाणक काही ठिकाणी बुद्ध्याच मौन पाळते. उदाहरणार्थ, चिन्हांकित पूर्णांकाची बेरीज मर्यादेबाहेर गेल्यास काय व्हावे, हे ते ठरवून देत नाही. सूत्र मौन असेल तेथे टीकाकार आपापला अर्थ लावतात, तसेच हे आहे. म्हणूनच पायथनचे कर्ते अशा जागी कोणता अर्थ घ्यावयाचा, हे कंपायलरला वेगळ्या सूचनेने सांगतात. वेगाविषयी तर प्रमाणक काहीच बोलत नाही.

या मौनाचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, हे २०२५ मधील एका प्रकरणावरून दिसून येईल. पायथन ३.१४ साठी इंटरप्रिटरची नवी रचना सिद्ध करण्यात आली. क्लँग १९ ने तयार केलेल्या जुन्या रचनेशी तुलना करता ती सरासरीने ९ ते १५ टक्के अधिक वेगवान असल्याचे प्रारंभी जाहीर झाले. पुढे नेल्सन एल्हागे यांनी तीच तुलना जीसीसी व क्लँग १८ यांच्याशी करून पाहिली, तेव्हा बरीचशी वाढ नाहीशी झाली.

कारण असे की, जुन्या रचनेत प्रत्येक सूचनेच्या अखेरीस पुढील सूचनेकडे जाणारी स्वतंत्र उडी असावी, अशी अपेक्षा असते; त्यामुळे पुढची उडी कोठे जाईल याचे अनुमान प्रक्रियकाला करता येते. भाषांतराचा वेळ बेसुमार वाढू नये म्हणून क्लँग १९ मध्ये एक मर्यादा घालण्यात आली होती. तिच्यामुळे या सर्व उड्या एकाच जागी गोळा झाल्या व जुनी रचना मंदावली. म्हणजे नवी रचना जितकी पुढे गेलेली वाटली, त्यातील मोठा भाग जुनी मागे पडल्यामुळे होता. कर्त्यांनी चूक उघडपणे मान्य केली आणि आकडा सुमारे ३ ते ५ टक्क्यांवर आणला.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, मोजमाप खोटे नव्हते; त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. एकाच निवेदकाच्या बोलण्यावरून बोलीचा नियम सांगू नये, हा दंडक आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवितो. एकाच कंपायलरवरून प्रोग्रॅमच्या गुणाविषयी विधान करणे हा तोच दोष होय. आपल्या प्रबंधात संगणकीय पद्धतींच्या वेगाची तुलना करणाऱ्यांनी पायथनच्या आवृत्तीबरोबर कंपायलरचे नाव व आवृत्तीही नोंदवावी. त्यासाठी फार शोध घ्यावयास नको. पायथन सुरू करताच पहिल्या ओळींत चौकटी कंसामध्ये हे नाव छापलेले असते. आपण ते वाचत नाही, इतकेच.